झटके येतील का? एका लॅबवाल्या बापाचा अनुभव

जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर नाळेतलं रक्त लगेच, फार तर तासाभरात तपासावं, असं पुस्तकं सांगतात. रक्त किती आंबट झालं ते सांगणारा पीएच ७.० किंवा त्याखाली आणि आम्ल किती साचलं ते सांगणारा बेस डेफिसिट १६ किंवा त्यावर असेल, तर बाळाला ऑक्सिजन चांगलाच कमी पडला असं धरतात, आणि अशा बाळाला झटके, म्हणजे आकडी, येण्याची भीती असते. मी जालन्यात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे हे आकडे मला परीक्षेपुरते पाठ होते. माझं बाळ मात्र जन्मलं गेवराईत, बायकोच्या माहेरी. तिथल्या दवाखान्यात हे आकडे देणारं ब्लड गॅसचं मशीन नव्हतं. त्यात कुणाचा दोष नाही. त्या मशीनचं कार्ट्रिज एकदा बसवलं की वापरा न वापरा, त्याची मुदत संपतेच. महिन्यात दोन-चार नमुन्यांसाठी तालुक्याच्या गावात ते कोण ठेवणार?

झालं असं, की वॉर्डातच पाणी गेलं आणि डोक्याच्या आधी नाळ खाली घसरली. नाळ डोक्याखाली दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा थांबतो. तिथल्या सिस्टरांनी हात आत घालून बाळाचं डोकं वर उचलून धरलं आणि सिझर होऊन बाळ बाहेर येईस्तोवर हात काढला नाही. त्या बाईंचे हात दुसऱ्या दिवसापर्यंत भरून आले होते म्हणे. पुढे जे काही बरं झालं, त्याचा पहिला वाटा मी त्यांना देतो.

रक्ताचा आकडा नाही म्हटल्यावर हाती राहिलं ते अपगार. व्हर्जिनिया अपगार नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५३ साली छापून आणलेली ही दहा गुणांची पद्धत आहे. रंग, नाडी, डिवचल्यावर बाळ काय करतं, अंगातला ताण आणि श्वास, प्रत्येकाला दोन गुण. आमच्या बाळाला पहिल्या मिनिटाला १, पाचव्याला ३ आणि दहाव्याला ५. दहा मिनिटांनंतरही ५ किंवा कमी गुण असतील आणि अंबू बॅगेने श्वास द्यावा लागत असेल, तर रिपोर्ट नसला तरी ते बाळ धोक्याच्या यादीत धरतात. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी लगेच संभाजीनगरच्या एनआयसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला, फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं की बाळाला वॉर्मरखाली तापवू नका, पण गारठूही देऊ नका, आणि गुदद्वारातलं तापमान दर थोड्या वेळाने बघत राहा.

हिचे टाके ओले होते, ती तिथेच राहिली. मेहुणा बाळाबरोबर रुग्णवाहिकेत बसला आणि मी जालन्याहून सरळ संभाजीनगरला निघालो. गाळपाचे दिवस होते. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला की पाचोडपासून पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले. आडूळच्या अलीकडे मेहुण्याचा फोन आला, “दाजी, सायरन वाजवून काय उपेग, ट्रॅक्टरवाल्यानं गाणी लावलेत मोठ्यानं.” मी दवाखान्याच्या गेटवर उभा राहून घड्याळ बघत होतो. जन्माला साडेतीन तास होऊन गेले तेव्हा गाडी आली.

तास का मोजायचे, ते मला त्या रात्री कळलं. ऑक्सिजन तुटतो तेव्हा पेशींची ऊर्जा संपते, तो पहिला घाव. बाळाला श्वास मिळाला की मेंदू थोडा सावरतो आणि काही तास बरं चाललंय असं वाटतं. मग साधारण सहा तासांनंतर, कधी त्याहून उशिरा, ऊर्जा पुन्हा कोसळते. पेशींबाहेर साचलेलं ग्लुटामेट आणि पेशींत शिरणारं कॅल्शियम त्यांना मारत राहतं. झटके बहुधा याच दुसऱ्या घावाच्या काळात, पहिल्या दिवसाच्या आत सुरू होतात. काही करायचं तर ते मधल्या उसंतीत करायचं. यावरचा उपचार म्हणजे बाळाचं अंग थंड करणं, आणि ते सहा तासांच्या आत, ही अट तिथूनच आलेली.

एनआयसीयूच्या मॅडमनी बाळ तपासलं. गुंगीत, अंग सैल, चोखणं क्षीण, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. मेंदूला किती मार बसला ते ओळखायला हार्वे आणि मार्गारेट सार्नाट या डॉक्टरांनी १९७६ साली केलेल्या तीन पायऱ्यांपैकी ही मधली. पहिल्या पायरीतलं बाळ उलट टक्क जागं असतं, दचकतं. तिसरीतलं निपचित पडतं. मधल्या पायरीतल्या बाळांना झटके वारंवार येतात, पण सगळ्यांना येत नाहीत. मी विचारलं, “आमच्या बाळाला येतील का?” मॅडम म्हणाल्या, “आत्ता सांगता येणार नाही. सकाळपर्यंत पुष्कळसं सांगता येईल.”

थंड करण्याचा निर्णय मात्र सकाळपर्यंत थांबणारा नव्हता. इथे मॅडमनी जे केलं, ते मी आजवर फार थोड्या डॉक्टरांना करताना पाहिलंय. त्यांनी मला विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगितला. शरीराचं तापमान ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास ठेवलं की मृत्यू आणि अपंगत्व कमी होतं, हे श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत २००५ पासून दिसत आलंय. पण २०२१ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये हेलिक्स नावाची चाचणी छापून आली. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली ४०८ बाळं होती. थंड केलेल्यांत ४२ टक्के दगावली, न केलेल्यांत ३१ टक्के. “मग करायचं कशाला?” मी म्हणालो. त्यांचं म्हणणं असं: आपल्या बाळाला घाव नेमका केव्हा बसला ते माहीत आहे, तो अचानक बसलेला आहे, वजन चांगलं आहे, संसर्गाची खूण नाही आणि इथे व्हेंटिलेटर व चोवीस तास माणूस आहे. अशा बाळाला फायदा होण्याची शक्यता त्यांना जास्त वाटत होती. “हा माझा अंदाज आहे, हमी नाही,” हेही त्या बोलल्या. मी सही केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहकार्याने बनलेला मिराक्रेडल नावाचा पाळणा तिथे होता. वितळता-गोठताना उष्णता शोषणारे पदार्थ त्यात भरलेले असतात. बाळाला त्यात ठेवलं, गुदद्वारात तापमानाची तार. हात लावला तर आपलंच काळीज गार पडावं इतकं ते अंग थंड लागायचं.

पहिला ब्लड गॅस आला. पीएच ७.१६, लॅक्टेट ११.८ मिलिमोल. आता इथे माझ्यातला बाप मागे पडला आणि टेक्निशियन पुढे आला. लॅक्टेट म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की रक्तात साचणारं आम्ल. हा आकडा जितका कामाचा तितकाच घातकी. रक्त काढून सिरिंज तशीच ठेवली तर तांबड्या पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट आपोआप चढतं. टाच टोचून पिळून घेतलेल्या रक्तातही तो खोटा वाढलेला दिसू शकतो. शिवाय काही मशीन मिलिमोलमध्ये सांगतात, काही मिलिग्रॅममध्ये, आणि दोन्हींत नऊपटीचा फरक. मी सिस्टरांना विचारलं, नमुना कुठून घेतला, किती वेळात लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, नाळेतल्या कॅथेटरमधून, लगेच. मग म्हणाल्या, “दादा, बाळाचं टेंपरेचरही मशीनला टाकलंय.” ते मी विचारायच्या आधीच! मशीन रक्त ३७ अंशांवर मोजतं. बाळ ३३.५ वर असेल तर कार्बन डायऑक्साइड आणि पीएच दुरुस्त करून वाचावे लागतात. त्यानंतर मी त्यांना नमुन्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

बाहेरच्या बाकड्यांवर नातेवाइकांत बातमी पसरली की हा लॅबवाला आहे. मग जो तो आपापला रिपोर्ट घेऊन येऊ लागला. त्यात पैठणकडचा एक तरुण शेतकरी होता. त्याचंही बाळ त्याच संध्याकाळी उशिरा रडलं होतं. त्याच्या बाळाचं लॅक्टेट १३.४, आमच्यापेक्षा जास्त. तो घाबराघुबरा झालेला आणि मी, खरं सांगायचं तर, आतून थोडा हलका.

त्या युनिटमध्ये एईईजीचं मशीन एकच होतं, म्हणजे मेंदूच्या विजेची पट्टी सतत काढणारं. बाळांना झटके येणार का याचा अंदाज बांधायचा तो कशासाठी, हे मला त्या एका मशीनमुळे समजलं. अंदाज बांधून कुणी आधीच औषध देत नाही. मी विचारलं होतं, झटक्यांचं औषध, फेनोबार्बिटोन, आधीच देऊन ठेवलं तर? मॅडम म्हणाल्या, त्याने झटके कमी होतात असं दिसलंय, पण मृत्यू किंवा अपंगत्व कमी होतं असं दिसलेलं नाही. अंदाज लागतो तो हे ठरवायला, की आज रात्री मशीन कुणाच्या डोक्याला लावायचं आणि सिस्टरांची नजर कुणावर जास्त ठेवायची.

आधी दोन्ही बाळांची थोडा थोडा वेळ पट्टी काढली. पैठणच्या बाळाची खालची कड ५ मायक्रोव्होल्टच्या वर, वरची १० च्या वर, म्हणजे नॉर्मल. आमच्या बाळाची वरची कड १० च्या वर होती, पण खालची ५ च्या खाली घसरत होती. मेंदू सलग चालत नव्हता, तुटक चालत होता. मॅडमनी सांगितलं: सुरुवातीच्या तासांत पट्टी नॉर्मल असेल तर झटक्यांची शक्यता कमी, अगदी सपाट असेल किंवा मध्येच उसळ्या आणि मध्ये शांतता असेल तर जास्त. तुमचं मधलं आहे, म्हणून मशीन इथेच राहील. पैठणच्या बाळाचं लॅक्टेट काही तासांनी पुन्हा केलं तर ते ४ च्या आसपास आलं होतं. आमचं अजून ९ च्या वर. त्या बाळाला झटका आला नाही. आमच्याला आला.

दोन बाळांवरून नियम होत नाही, हे मला कळतं. पण नंतर वाचायला बसलो तेव्हा आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डॉक्टरांचा २००८ सालचा अभ्यास सापडला. त्यात लॅक्टेट किती काळ चढलेलं राहतं याचा ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विजेच्या पूर्ण नोंदीच्या, बिघाडाशी आणि झटक्यांच्या भाराशी संबंध दिसला होता. मला पटलं ते असं: पहिला आकडा घाव केवढा होता ते सांगतो. पुढचे आकडे शरीर त्यातून किती वेगाने निघतंय ते सांगतात. आणि मेंदूचं काय चाललंय ते मेंदूलाच विचारावं लागतं. आमच्या धंद्यात आपण एक आकडा छापतो आणि त्याखाली नॉर्मल रेंज लिहून मोकळे होतो. इथे त्या रेंजला फारसा अर्थ नव्हता.

तरी माझी खोड जाईना. तिथल्या लॅबमधला एक जण ओळखीचा निघाला. त्याला म्हटलं, बाळाच्या सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, स्लाइड दाखव. मला केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी मोजायच्या होत्या, ज्यांना आम्ही एनआरबीसी म्हणतो. पोटात ऑक्सिजन कमी पडत राहिला तर अस्थिमज्जा या कच्च्या पेशी घाईने रक्तात सोडते. शंभर पांढऱ्या पेशींमागे ९ निघाल्या, पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात चालणाऱ्या. खूश व्हायला मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, “अरे, तुझं तर नाळेचं आहे ना? काही मिनिटांच्या घावात ह्या कुठून वाढतील?” बरोबर होतं. मज्जेला वेळ लागतो. दिवसचे दिवस कमी पडलेल्या बाळात ही मोजणी बोलते, अचानक घाव बसलेल्यात मुकी राहू शकते. म्हणजे कुठला बायोमार्कर, रक्तातली कुठली खूण, विचारायची हे घाव कसा बसला त्यावर ठरतं. एलडीएच, एएसटी या पेशींतल्या एन्झाइमांचंही तसंच. वाढले तर शरीरभर मार बसला हे कळतं, पण नमुन्यात पेशी फुटल्या असतील तर ते फुकटचे वाढतात. लहान बाळाच्या टाचेतल्या रक्तात पेशी किती फुटतात हे ज्याने सेंट्रिफ्यूजमधून लालभडक सीरम काढलंय त्याला विचारा.

रात्री मला आत जायला मिळालं तेव्हा बाळाचा पाय थरथरत होता. मी ओरडलोच. सिस्टरांनी येऊन पाय हलकेच मुडपून धरला, थरथर थांबली. “हा झटका नाही. झटका धरून थांबत नाही.” सकाळी दहाच्या सुमाराला त्याच सिस्टर मॅडमना घेऊन आल्या. बाळ शांत पडलेलं होतं, पायसुद्धा हलत नव्हता. पण पडद्यावर पट्टीची खालची कड एकाएकी वर चढली होती, थोड्या वेळाने खाली आली, पुन्हा चढली. करवतीच्या दातांसारखी. खालच्या मूळ रेषेत एकसारखी टोकं, एका लयीत. तोच झटका. बाळाचे डोळे एका बाजूला खिळलेले होते आणि ऑक्सिजन ९५ वरून ९० वर आला होता, एवढंच बाहेर दिसत होतं. मशीन नसतं तर मी म्हटलं असतं, लेकरू निवांत झोपलंय.

त्याच कॉर्कच्या गटाचा २००८ सालचाच दुसरा अभ्यास मी आता ओळखीच्या प्रत्येक सिस्टरला सांगतो. नवजात बाळांच्या ईईजीत ५२६ झटके नोंदले गेले. त्यातल्या १७९ मध्येच अंगावर काही खूण दिसली. जाणत्या कर्मचाऱ्यांनी बरोबर ओळखले ते फक्त ४८, म्हणजे ९ टक्के. उलट त्यांनी झटका म्हणून लिहून ठेवलेल्यांतले बरेचसे झटके नव्हतेच. हे लोक आळशी नव्हते. नवजात मेंदूचा झटका बाहेर दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एईईजीही सगळं पकडत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आतला किंवा इलेक्ट्रोडपासून लांबचा झटका त्यातून निसटतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पूर्ण ईईजीही काढला.

झटका दिसल्यावर आधी साखर, कॅल्शियम, सोडियम. साखर ७२ होती. ती कमी असती तर सगळी गोष्टच वेगळी झाली असती, आणि ती तपासायला तर कुठल्याही दवाखान्यात ग्लुकोमीटर असतो. मग फेनोबार्बिटोन, किलोमागे २० मिलिग्रॅम. बाळ २.८ किलोचं, म्हणजे ५६ मिलिग्रॅम. तासाभराने पट्टी पुन्हा चढली, मग किलोमागे आणखी १० मिलिग्रॅम. मेहुण्याचा एक मित्र मेडिकल चालवतो. त्याने फोनवर विचारलं, हे जुनं औषध कशाला, लेव्हेटिरासेटाम का नाही? मीच मॅडमना विचारलं. २०२० साली दोन्हींची नवजात बाळांत समोरासमोर तुलना झाली. फेनोबार्बिटोनने ८० टक्के बाळांचे झटके थांबले, लेव्हेटिरासेटामने २८ टक्के. जुनं ते सोनं म्हणावं तर त्यालाही मर्यादा आहे. नवजात मेंदूच्या पेशींत क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे मोठ्यांचा मेंदू शांत करणारं गाबा हे रसायन बाळाच्या पेशींना उलट चेतवू शकतं. फेनोबार्बिटोनला काम तर गाबाकडूनच करून घ्यायचं असतं. थंड बाळात ते औषध शरीरातून सावकाश जातं, म्हणून पातळीही तपासली. तो नमुना मी स्वतः नेऊन दिला, बसून राहण्यापेक्षा बरं.

दुसऱ्या डोसानंतर पट्टी चढली नाही. दुसऱ्या रात्री ती हळूहळू रुंद-अरुंद व्हायला लागली. मॅडमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी सैल होताना पाहिलं. बाळ झोपतंय आणि जागतंय हे मेंदूच्या रेषेत दिसायला लागणं हे चांगलं लक्षण मानतात. ७२ तास झाल्यावर तासाला अर्धा अंश या गतीने गरम करायला घेतलं. त्या वेळी झटके पुन्हा येऊ शकतात, म्हणून मशीन काढलं नव्हतं. काही आलं नाही. तोवर मशीनची वाट बघणारं आणखी एक बाळ आत आलेलं होतं.

मधल्या काळात मी फोनवर वाचत सुटलो होतो. एस१००बी, एनएसई, जीएफएपी, यूसीएच-एल१ ही मेंदूच्या पेशींतली प्रथिनं. पेशी मेली की रक्तात सांडतात, म्हणून त्यांवरून घाव मोजायचा प्रयत्न चाललाय. मायक्रोआरएनएवरही काम आहे. कॉर्कच्या लोकांनी २०२३ साली संगणकाला शिकवून पाहिलं, तर पहिल्या तासांतली तपासणीची माहिती आणि ईईजी एकत्र घेतल्यावर झटक्यांचा अंदाज सगळ्यांत चांगला आला. प्रथिनांबद्दल माझं मत ऐकायचं असेल तर ते लॅबवाल्याचं आहे. एनएसई तांबड्या पेशींतही असतं, म्हणजे नमुना जरा फुटला की आकडा गेला. बरं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मुंबईहून येणार असेल, तर चौदाव्या तासाच्या झटक्याला त्याचा काय उपयोग? जे पलंगाशेजारी पंधरा मिनिटांत कळतं तेच आपल्याकडे कामाचं. गॅस, लॅक्टेट, साखर, आणि डोक्यावरची पट्टी.

पाचवी आली. बाळ संभाजीनगरात, बाळंतीण गेवराईत. मामींनी तिथेच पाटा मांडून सटवाईची पूजा केली. कोरा कागद आणि पेनही ठेवलं. “सटवाई लिव्हती तिला जागा नको व्हय?” त्याच दिवशी इकडे बाळाचा एमआरआय होता. मी मामींना सांगितलं, तुमची सटवाई लिहायच्या आधी इकडे रेडिओलॉजिस्ट लिहितोय. त्या म्हणाल्या, “लिव्हू दे, पर दोघींचं जुळलं पायजे.” एमआरआय पहिल्याच दिवशी का करत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. घावाचे डाग पुरते उमटायला काही दिवस लागतात, म्हणून चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान करतात. अचानक पूर्ण ऑक्सिजन तुटला की मेंदूच्या आतल्या गाठींना, थॅलॅमस आणि बेसल गँग्लियाला, जास्त मार बसतो. आमच्या रिपोर्टमध्ये थॅलॅमसमध्ये सौम्य बदल होते. हातापायांकडे जाणारे तंतू ज्या पट्ट्यातून उतरतात, ती इंटर्नल कॅप्सूल नीट दिसत होती. मॅडमनी त्या ओळीवर पेनने खूण केली.

घरी सोडताना खरा वाद झाला तो औषधावरून. फेनोबार्बिटोन बंद करून पाठवणार, असं त्या म्हणाल्या. आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत अशा बाळांना महिनोन्‌महिने ते सिरप दिलेलं मी पाहिलेलं. मामा म्हणाले, “आकडी येऊन गेल्याली, न्‌ औषध बंद?” मॅडमनी समजावलं की हे झटके ताज्या घावाचे होते, घाव शमला की ते थांबतात. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीतही असे झटके थांबले आणि अपस्माराची खूण नसेल तर, एमआरआय-ईईजी काहीही सांगो, घरी जाण्याआधी औषध थांबवावं असंच आहे, आणि लांबवलेल्या औषधाचं ओझं वाढत्या मेंदूलाच. मला पटलं. मामांना पटलं नाही. पुढचे कितीतरी दिवस बाळ दचकलं की ते माझ्याकडे बघायचे.

पुढची वाट लांब होती आणि तिच्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. आशाताई ठरल्या दिवसांना घरी येत होत्या, वजन करायच्या. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीत अडचण आहे का ते लवकर ओळखणाऱ्या केंद्रात, नाव घातलं. तिसऱ्या महिन्यात मोबाइलवर एक व्हिडिओ काढून आणायला सांगितलं. बाळ उताणं, जागं, हातात खेळणं नाही, कुणी बोलायचं नाही. त्या वयात हातापायांच्या बारीक, सतत चाललेल्या हालचाली दिसल्या तर पुढे सेरेब्रल पाल्सीची शक्यता फार कमी राहते. व्हिडिओ काढताना आजीला गप्प बसवणं हे सगळ्यांत अवघड काम होतं. हालचाली होत्या. नंतर ७८ गुणांची एक तपासणी झाली, ती दर काही महिन्यांनी होते. बसायला तो थोडा उशिरा शिकला, पण शिकला. उजव्या हाताने जास्त घेतो का, मान एकीकडे ठेवतो का, असलं सगळं आम्ही बघत असतो, जरा जास्तच. बोलणं, शिकणं यांबद्दल अजून काही कळायचंय. दोन वर्षांच्या सुमाराला मोठी तपासणी आहे.

परवा पैठणच्या त्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या बाळाला झटका आला नव्हता, पट्टी नॉर्मल, चार दिवसांत घरी. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तुमचं काही नव्हतंच, पुन्हा दाखवायची गरज नाही. मुलगा आता गडगडत पलटतो, हसतो, पण हाक मारली तर वळत नाही असं त्याच्या बायकोला वाटतंय. सौम्य घावाची बाळं सगळीच सुखरूप सुटतात असं नाही. अशा बाळांची ऐकण्याचीही तपासणी व्हावी लागते, आणि ती झटक्याच्या अंदाजात येत नाही. मी त्याला विचारलं, डिस्चार्ज कार्डावर ऐकण्याच्या तपासणीचं काही लिहिलंय का, ओएई किंवा बेरा? तो म्हणाला, कार्ड ट्रंकेत आहे, बघून सांगतो. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. त्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. मी त्याला संभाजीनगरला बेरा कुठे होते ते विचारून दिलं आणि गुरुवारचा नंबर लावून घेतला.